न ढवळलेले पाणी

ऐन उन्हाळ्यात विहिरीत पोहणारी मुले एक गोष्ट कुणी न शिकवता शिकतात. वरचे पाणी कोमट असते आणि पाय जरा खाली सोडले की एकदम गार लागते. कोमट आणि गार पाण्यामधली ही सीमा हळूहळू बदलत जाणारी नसते, ती चांगली जाणवण्याइतकी स्पष्ट असते. असे का, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. पाणी एकच आहे, विहीरही एकच आहे, मग गारवा खालीच का बसून राहतो?

मोठ्या सरोवरांच्या बाबतीत हा प्रश्न विचारला गेला आणि त्यातून एक स्वतंत्र विज्ञानशाखा उभी राहिली. काठावरून एकसंध दिसणारे सरोवर प्रत्यक्षात एकावर एक रचलेल्या थरांचे बनलेले असते. प्रत्येक थराचे तापमान वेगळे, त्यात विरघळलेले पदार्थ वेगळे आणि त्यात जगणारे सूक्ष्मजीवही वेगळे. हे थर एकामागून एक उलगडत गेले, त्याचा इतिहास या लेखात पाहू. या इतिहासाशी शाळेचा थेट संबंध आहे. आपण फळ्यावर लिहितो त्या प्रकाशसंश्लेषणाच्या समीकरणाचा अर्थ लावताना शास्त्रज्ञ बराच काळ चुकत होते. ती चूक दुरुस्त करण्याचा मार्ग सरोवराच्या तळाकडच्या, सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या पाण्यातल्या जिवांनी दाखवला.

दोरीला बांधलेला तापमापक

खोल पाण्याचे तापमान मोजणे वाटते तितके सोपे नाही. तापमापक दोरीला बांधून शंभर मीटर खाली सोडला, तरी वर ओढताना तो वरच्या उबदार पाण्यातून येतो आणि खालचे तापमान 'विसरतो'. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने यावर एक साधी युक्ती काढली. उष्णता अगदी सावकाश झिरपेल अशी जाड आवरणे त्याने तापमापकाला गुंडाळली, तो कित्येक तास तळाशी ठेवला आणि मग भराभर वर ओढला. भर उन्हाळ्यातही आल्प्समधल्या सरोवरांचे तळ थंडगार असतात, हे त्यातून कळले. पुढे १८७४ मध्ये लंडनच्या नेग्रेट्टी आणि झाम्ब्रा या उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने उलटणारा तापमापक तयार केला. ठरलेल्या खोलीवर तो उलटा केला की त्यातला पाऱ्याचा स्तंभ तुटतो आणि त्या क्षणाचे तापमान तसेच राहते. आता सरोवराचे तापमान मीटरमीटरने मोजता येऊ लागले.

ज्यांनी या मोजण्याला शास्त्राचे रूप दिले ते फ्रांस्वा आल्फोन्स फोरेल (१८४१-१९१२). शिक्षणाने ते वैद्य होते आणि लोझान येथे शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र शिकवत. जिनिव्हा सरोवराच्या काठी मोर्झ गावात ते जन्मले आणि त्याच गावी वारले. सुमारे ३१० मीटर खोल असलेल्या या एकाच सरोवराचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. १८९२ ते १९०४ या काळात त्यांचा 'ल लेमां' हा तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात सरोवराचे खडक, लाटा, तापमान, रसायन, जीव आणि काठावरच्या माणसांचा इतिहास असे सारे काही आहे. या अभ्यासाला त्यांनी 'लिम्नॉलॉजी' असे नाव दिले. मराठीत आपण त्याला सरोवरविज्ञान म्हणतो.

थर का पडतात, याचे कारण पाण्याच्या घनतेत आहे. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून ते जितके तापेल तितके हलके होते. म्हणून उन्हाने तापलेले पाणी वर तरंगते आणि थंड पाणी खाली राहते. वारा वरचे पाणी ढवळतो, पण जड पाण्याला वर उचलण्यासाठी लागणारी ऊर्जा त्याच्याजवळ नसते. त्यामुळे वरचा थर ढवळला जातो, खालचा तसाच राहतो आणि दोहोंच्या मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा एक पातळ पट्टा तयार होतो.

आपल्यासारख्या उष्ण प्रदेशाच्या दृष्टीने यात एक गंमत आहे. घनतेतला हा फरक सर्व तापमानांना सारखा नसतो. ४ अंशांचे पाणी ५ अंश झाले, तर घनता जेवढी घटते त्याच्या सुमारे तीसपट ती २४ अंशांचे पाणी २५ अंश झाल्यावर घटते. म्हणजे थंड देशात ४ आणि १२ अंशांच्या पाण्यात जेवढे वजनाचे अंतर पडते, त्याहून अधिक अंतर आपल्याकडे २५ आणि २८ अंशांच्या पाण्यात पडते. उष्ण प्रदेशातल्या जलाशयात दोन-तीन अंशांचा फरकही थर पक्के करायला पुरतो, तो यामुळेच.

ऑक्सिजनचा हिशेब

तापमानाचे थर कळले. पण तेवढ्याने सजीवांना काय फरक पडतो? हे समजायला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजता यायला हवा होता. ती पद्धत १८८८ मध्ये बुडापेस्टच्या लायोश विंक्लर या तरुण रसायनशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केली. ती इतकी सुटसुटीत आहे की आजही महाविद्यालयांतून शिकवली जाते.

पाण्याच्या नमुन्यात मँगनीजचा क्षार, अल्कली आणि पोटॅशिअम आयोडाइड घालतात. मँगनीज हायड्रॉक्साइडचा पांढरा साका तयार होतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर त्याच्याशी संयोग होऊन हा साका तपकिरी होतो. मग आम्ल घातले की जेवढा ऑक्सिजन होता त्या प्रमाणात आयोडीन मोकळे होते. ते थायोसल्फेटने, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत मोजतात. होडीत बसल्या बसल्या बाटलीच बोलू लागते. पृष्ठभागाजवळच्या पाण्याची बाटली तपकिरी होते आणि तळाच्या पाण्याची पांढरीच राहिली, तर तिथे ऑक्सिजन नाही हे उघड होते.

ही पद्धत हाती घेऊन अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एडवर्ड बर्ज (१८५१-१९५०) आणि चॉन्सी जुडे (१८७१-१९४४) यांनी मोठे काम केले. बर्ज मूळचे पाणपिसवांचे अभ्यासक. विद्यापीठाला लागूनच असलेल्या मेंडोटा सरोवरात हे बारीक कवचधारी प्राणी कोणत्या खोलीवर किती असतात, हे ते मोजत होते. उन्हाळ्यात एका ठराविक खोलीच्या खाली ते जवळजवळ नाहीसे होतात, असे त्यांना दिसले. ही सीमा तापमान झपाट्याने उतरणाऱ्या पट्ट्याशी जुळत होती. या पट्ट्याला बर्ज यांनी 'थर्मोक्लाइन' हे नाव दिले. पण नुसत्या गारव्याने पाणपिसवा पळून जाव्यात, हे काही पटण्यासारखे नव्हते.

उत्तर ऑक्सिजनच्या हिशेबात मिळाले. एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, तर २० अंशांच्या एक लिटर पाण्यात तो जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच विरघळतो. शिवाय स्थिर पाण्यात त्याचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो. वरच्या थराला हवेतून आणि शैवालांकडून ऑक्सिजन मिळत राहतो. खालच्या थराचे दार मात्र थर्मोक्लाइनने बंद केलेले असते. वरून मेलेली शैवाले आणि प्राणी पावसासारखे खाली पडत राहतात, जीवाणू ते कुजवतात आणि कुजवताना शिल्लक ऑक्सिजन खर्च करतात. उन्हाळा संपत येईपर्यंत मेंडोटाच्या तळाशी तो जवळजवळ संपलेला असे. शरद ऋतूत वरचे पाणी थंड झाले, दोन्ही थरांची घनता सारखी झाली की वारा सगळे सरोवर ढवळून काढी आणि तळाला पुन्हा ऑक्सिजन मिळे. बर्ज यांनी या क्रियेला सरोवराचे श्वसन म्हटले. सरोवर वर्षातून एक-दोनदाच खोल श्वास घेते आणि पुढचे कित्येक महिने त्यावर काढते, असा त्याचा अर्थ. विस्कॉन्सिनमधल्या सरोवरांच्या वायूंवरचा बर्ज आणि जुडे यांचा अहवाल १९११ मध्ये निघाला. सरोवरविज्ञानातले ते एक मूलभूत काम मानले जाते.

चिखलातले कुलूप

ऑक्सिजन संपल्यावर काय होते? तिथले जीवन संपते, असे आपल्याला वाटेल. पण कुजण्याची क्रिया थांबत नाही, ती दुसऱ्या मार्गाने चालू राहते. याची खूण फार पूर्वीच मिळाली होती. १७७६ मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठचा दलदलीतला चिखल काठीने ढवळला. त्यातून येणारे बुडबुडे उलट्या भांड्यात गोळा केले आणि तो वायू पेटतो हे दाखवले. तो वायू म्हणजे मिथेन. पुढे १८९५ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्ट येथे बायेरिंक यांनी आणखी एक जीवाणू वेगळा केला. तो ऑक्सिजनशिवाय जगतो, पाण्यातले सल्फेट वापरतो आणि हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार करतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो याच वायूमुळे.

हळूहळू एक क्रम स्पष्ट झाला. सेंद्रिय पदार्थ 'जाळण्यासाठी' जीवाणू आधी ऑक्सिजन वापरतात, कारण त्यातून सर्वाधिक ऊर्जा मिळते. तो संपला की नायट्रेट, मग मँगनीज व लोहाची ऑक्साइडे, मग सल्फेट आणि काहीच उरले नाही की मिथेन तयार होण्याची पाळी येते. दिवाळीचा फराळ घरात जसा आवडीच्या क्रमाने संपत जातो, तसेच हे आहे. फरक इतकाच, की इथे प्रत्येक पदार्थ खाणारे वेगळे असतात. म्हणून थर असलेल्या सरोवरात वरून खाली जाताना आपल्याला हा क्रम खोलीनुसार मांडून ठेवलेला दिसतो.

यातल्या लोहाच्या पायरीचे महत्त्व क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१ आणि १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांतून दाखवले. त्यांचे काम इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशात झाले. तळाच्या चिखलावर ऑक्सिजन असेपर्यंत लोहाचा एक पातळ तपकिरी पापुद्रा असतो. गंजासारखे हे लोह फॉस्फेटला धरून ठेवते. ऑक्सिजन संपला की जीवाणूंच्या क्रियेने हे लोह विद्राव्य रूपात जाते, पापुद्रा नाहीसा होतो आणि त्याने पकडलेले फॉस्फेट पाण्यात सुटते. जणू चिखलाचे कुलूपच उघडते. हे फॉस्फेट पुढच्या ढवळणीत वर आले की शैवालांना खत मिळते, शैवाले आणखी माजतात, मेल्यावर आणखी कुजतात आणि ऑक्सिजन आणखी लवकर संपतो. एकदा सांडपाण्याने बिघडलेले तळे, सांडपाणी बंद केल्यावरही वर्षानुवर्षे का सुधारत नाही, याचे एक मोठे कारण हे आहे.

दोन अर्धी उत्तरे

आता त्या समीकरणाकडे वळू. थर असलेल्या काही पाण्यांत, जिथे वरून येणारा अंधूक प्रकाश आणि खालून येणारे हायड्रोजन सल्फाइड यांची गाठ पडते, तिथे जांभळट-गुलाबी रंगाचे जीवाणू दाटीने वाढतात. ते जगतात कसे, यावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन मोठ्या शास्त्रज्ञांची मते अगदी विरुद्ध होती.

उट्रेख्टचे थिओडोर एंगलमान यांनी १८८३ च्या सुमारास अशा जीवाणूंवर सूक्ष्मदर्शकाखाली वर्णपट पाडला. जीवाणू ठराविक पट्ट्यांत गोळा झाले आणि त्यातला एक पट्टा तर डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात होता. जीवाणूंमधले रंगद्रव्य नेमका हाच प्रकाश शोषत होते. एंगलमान म्हणाले, हे प्रकाशावर जगतात, म्हणजे वनस्पतींप्रमाणे ते ऑक्सिजनही सोडत असले पाहिजेत.

स्ट्रासबर्ग येथे काम करणारे रशियन शास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्राद्स्की (१८५६-१९५३) यांनी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. १८८७ मध्ये त्यांनी गंधकाच्या झऱ्यात वाढणाऱ्या बेग्गियाटोआ या रंगहीन, धाग्यांसारख्या जीवाणूचा अभ्यास प्रसिद्ध केला. हायड्रोजन सल्फाइडचे पाणी दिले की धाग्यांत गंधकाचे चमकते थेंब साठत. ते बंद केले की थेंब विरत आणि पाण्यात सल्फेट सापडे. सेंद्रिय अन्नाऐवजी एका निर्जीव वायूच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा मिळवणारा जीव असू शकतो, ही कल्पना तोवर कोणी मांडली नव्हती. मग जांभळे जीवाणूही गंधक साठवतात, तेव्हा तेही असेच जगत असणार, असे विनोग्राद्स्की यांचे मत पडले. प्रकाशाला त्यात फारसे स्थान नव्हते.

१९०७ मध्ये प्रागच्या हान्स मोलिश यांनी काळजीपूर्वक तपासणी केली आणि जांभळे जीवाणू ऑक्सिजन सोडत नाहीत, असे दाखवले. पेच वाढला. प्रकाश तर लागतो, पण ऑक्सिजन निघत नाही. मग ही क्रिया प्रकाशसंश्लेषण म्हणायची की नाही?

हा पेच सोडवला कॉर्नेलिस व्हान नील (१८९७-१९८५) यांनी. ते डेल्फ्टच्या परंपरेत शिकले आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या हॉपकिन्स सागरी संशोधन केंद्रात गेले. त्यांनी शुद्ध केलेले जीवाणू बंद बाटल्यांत वाढवून काय किती वापरले गेले याचा चोख हिशेब मांडला. प्रकाश आणि हायड्रोजन सल्फाइड या दोन्ही गोष्टी असतील तरच जीवाणू वाढत. एंगलमान आणि विनोग्राद्स्की या दोघांनाही अर्धे-अर्धे उत्तर सापडले होते. १९३१ च्या लेखात व्हान नील यांनी दोन समीकरणे शेजारी शेजारी मांडून पाहिली. शब्दांत ती अशी:

जांभळे जीवाणू: कार्बन डायॉक्साइड + हायड्रोजन सल्फाइड → कर्बोदके + पाणी + गंधक

हिरव्या वनस्पती: कार्बन डायॉक्साइड + पाणी → कर्बोदके + पाणी + ऑक्सिजन

दोन्ही ओळी नीट पाहा. पहिल्या ओळीत गंधक आला कुठून? हायड्रोजन सल्फाइडमधून, दुसरीकडून तो येणे शक्यच नाही. मग दुसऱ्या ओळीत, हायड्रोजन सल्फाइडच्या जागी पाणी असताना, ऑक्सिजन कुठून यायला हवा? पाण्यातून. त्या वेळी मात्र कार्बन डायॉक्साइड फुटून ऑक्सिजन मोकळा होतो, हीच समजूत रूढ होती. व्हान नील यांचे म्हणणे एक तर्क होता, पण तपासता येण्याजोगा तर्क होता. १९३० नंतरच्या दशकात रॉबिन हिल यांनी पेशीबाहेर काढलेली हरितलवके कार्बन डायॉक्साइड न वापरताही ऑक्सिजन सोडतात, हे दाखवले. १९४१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे सॅम्युअल रुबेन, मार्टिन केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजनचा १८ वस्तुमानांकाचा जड समस्थानिक वापरला. शैवालांना जड ऑक्सिजन असलेले पाणी दिले, तेव्हा बाहेर पडलेला वायू पाण्यातल्या ऑक्सिजनशी जुळला, कार्बन डायॉक्साइडमधल्या ऑक्सिजनशी नाही.

आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन पाण्याचे रेणू फोडून आलेला आहे, हे आज आपण सहज सांगतो. त्याचा पहिला धागा मात्र ऑक्सिजन मुळीच न सोडणाऱ्या जिवांकडून मिळाला, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे.

कधीच न ढवळणारी सरोवरे

मेंडोटासारखी सरोवरे वर्षातून एक-दोनदा तळापर्यंत ढवळली जातात. पण काही सरोवरांचा तळ वर्षानुवर्षे ढवळला जात नाही. खालच्या पाण्यात क्षार जास्त असतील, तर वरचे पाणी कितीही थंड झाले तरी खालच्याइतके जड होत नाही. ऑस्ट्रियाच्या कॅरिंथिया प्रांतातल्या सरोवरांचा अभ्यास करताना इंगो फिंडेनेग यांनी १९३५ मध्ये अशा सरोवरांना 'मेरोमिक्टिक', म्हणजे अंशतःच मिसळणारी, असे नाव दिले. आपण त्यांना अंशमिश्र सरोवरे म्हणू. या सर्व ज्ञानाची मोठी मांडणी येल विद्यापीठाच्या जी. एव्हलिन हचिन्सन (१९०३-१९९१) यांनी केली. त्यांच्या सरोवरविज्ञानावरच्या ग्रंथाचा पहिला खंड १९५७ मध्ये निघाला. हेच हचिन्सन १९३२ मध्ये येलच्या उत्तर भारत मोहिमेतून लडाखला आले होते आणि तिथल्या उंचावरच्या सरोवरांची त्यांनी पाहणी केली होती.

स्वित्झर्लंडमधले कादाञो हे अंशमिश्र सरोवराचे आज सर्वाधिक अभ्यासलेल्या नमुन्यांपैकी एक आहे. समुद्रसपाटीपासून १९२१ मीटर उंचीवरचे हे सरोवर अवघे २१ मीटर खोल आहे. पाण्याखालच्या झऱ्यांतून जिप्सम आणि डोलोमाइटच्या खडकांतले क्षार तळाशी येतात, तर वर बर्फ वितळून आलेले गोडे पाणी असते. खालच्या थरात सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होते. सुमारे १२ मीटरवर ते प्रकाशाला भेटते आणि तिथे जांभळ्या जीवाणूंचा एक पट्टाच तयार होतो. तिथून काढलेले पाणी गुलाबी दिसते. हे जीवाणू विषारी हायड्रोजन सल्फाइड वर जाऊ देत नाहीत, म्हणून वरच्या पाण्यात मासे सुखाने राहतात.

या पट्ट्यातला क्रोमॅटिअम ओकेनी हा मोठा जीवाणू विशेष नावाजलेला आहे. २००८ मध्ये एकेका पेशीचे रसायन मोजून केलेल्या अभ्यासात दिसले, की एकूण पेशींत त्याचा वाटा जेमतेम ०.३ टक्के होता, पण शोषल्या गेलेल्या कार्बनपैकी सुमारे ७० टक्के आणि अमोनियमपैकी ४० टक्क्यांहून अधिक तो एकटा शोषत होता. संख्येवरून महत्त्व ठरवू नये, याचे हे उत्तम उदाहरण आहे. २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट प्रसिद्ध झाली. हे जीवाणू पोहत वर जातात आणि एकत्र जमले की आजूबाजूच्या पाण्यापेक्षा जड होऊन खाली येतात. त्यांच्या या हालचालीने तो थर काही ठिकाणी मीटरभर जाडीपर्यंत ढवळला जातो. म्हणजे थरांत जगणारे जीव स्वतःही थर घडवत असतात.

या जीवाणूच्या रंगद्रव्याचे अवशेष ऑस्ट्रेलियातल्या १६४ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात सापडले आहेत. त्या काळच्या समुद्रात, निदान तिथल्या भागात, प्रकाश पोचेल इतक्या उथळ पाण्यापर्यंत हायड्रोजन सल्फाइड होते असा त्याचा अर्थ. कादाञोसारखे सरोवर म्हणूनच प्राचीन समुद्राचा जिवंत नमुना मानले जाते.

इथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक गुलाबी पाणी हे याच जीवाणूंचे नसते. जून २०२० मध्ये आपल्या लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत त्याचे कारण खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे वेगळ्याच गटातले सूक्ष्मजीव असल्याचे आढळले.

थर फुटतो तेव्हा

थरांचे ज्ञान हा केवळ अभ्यासकांचा विषय नाही. कॅमेरूनमधले न्योस सरोवर सुमारे २०० मीटर खोल आहे. जमिनीखालून ज्वालामुखीजन्य कार्बन डायॉक्साइड त्याच्या तळाशी सतत येत असतो. हा वायू सूक्ष्मजीवांनी बनवलेला नाही, पण तो साठवून ठेवला तो थरांनीच. वीस वातावरणांहून अधिक दाबाखाली तो पाण्यात विरघळून राहिला. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री खालचे पाणी वर आले, दाब कमी झाला, बुडबुडे सुटले आणि त्यांनी आणखी पाणी वर ओढले. सोड्याची बाटली उघडावी तसे ते झाले. हवेपेक्षा जड असलेला वायू दऱ्यांतून खाली वाहत गेला आणि सुमारे १७०० माणसे गुदमरून मेली. २००१ मध्ये तिथे तळापर्यंत एक उभी नळी बसवण्यात आली. पाणी एकदा वर खेचले की वायूच्या जोरावर ते आपोआप कारंज्यासारखे उडत राहते आणि साठा थोडाथोडा रिकामा होतो.

एवढे भयंकर काही आपल्या तलावात घडणार नाही. पण थंड वारा किंवा मोठा पाऊस येऊन थर अचानक उलटला, तर तळाचे ऑक्सिजन नसलेले पाणी वर येते आणि रातोरात मासे मरतात. तळ्यात कोणीतरी विष टाकले, असा संशय घेण्यापूर्वी ही शक्यताही तपासावी. धरणाच्या तळाजवळून घेतलेल्या पाण्याला कधी लोहाचा रंग आणि वास येतो, तोही याच रसायनाचा भाग आहे.

हवामान तापत आहे तसा हा प्रश्न वाढतो आहे. वरचे पाणी अधिक तापले की थर अधिक पक्के होतात आणि अधिक काळ टिकतात. समशीतोष्ण प्रदेशातल्या ३९३ सरोवरांच्या १९४१ ते २०१७ या काळातल्या नोंदींचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पृष्ठभागाजवळचा ऑक्सिजन ५.५ टक्क्यांनी, तर खोल पाण्यातला १८.६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. फोरेल, बर्ज आणि जुडे यांच्यासारख्यांनी एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा मोजण्याची सवय लावली, म्हणून असे अभ्यास आज करता येतात.

बरणीतले तळे

या इतिहासातला निदान एक वाद वर्गात पुन्हा लढवता येतो. विनोग्राद्स्की यांच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग जवळजवळ फुकट होतो.

तळ्याकाठचा काळा चिखल घ्या. त्यात वर्तमानपत्राचे बारीक कपटे, अंड्याच्या टरफलाची पूड आणि खडूचा चुरा मिसळा. फळ्यावर लिहायचा खडू बहुधा जिप्समचा, म्हणजे कॅल्शिअम सल्फेटचा असतो, तो इथे उपयोगी पडतो. हे मिश्रण पारदर्शक उंच बरणीत निम्म्याहून थोडे अधिक भरा, हवेचे बुडबुडे काठीने काढून टाका आणि वर त्याच तळ्याचे पाणी घाला. झाकण सैल ठेवा, कारण आत वायू तयार होतात. हात साबणाने धुवा. बरणी उजेडाच्या, पण कडक ऊन न येणाऱ्या खिडकीत ठेवा आणि मुळीच हलवू नका.

अशा तीन बरण्या करा. पहिली वर सांगितल्याप्रमाणे. दुसरीत खडू घालू नका. तिसरीत सर्व काही घाला, पण तिला काळा कागद गुंडाळा. दर आठवड्याला रंगांच्या पट्ट्यांची उंची पट्टीने मोजून तारखेसह लिहून ठेवा. तिसऱ्या बरणीचा कागद मोजण्यापुरताच काढा. सहा ते आठ आठवड्यांत पहिल्या बरणीत काळ्या चिखलावर हिरवे आणि जांभळे डाग दिसू लागतात. दुसरीत ते कमी दिसतील, तिसरीत बहुधा दिसणारच नाहीत.

मग मुलांना एवढेच विचारा: एंगलमान यांना कोणती बरणी दाखवाल आणि विनोग्राद्स्की यांना कोणती?